साडूच्या चार टाक्या

नाशकातून जालन्याला वाइन चाखायला चाललोय, असं सांगितलं तेव्हा आमच्या टेस्टिंग रूममधले सहकारी हसले. "सर, तिकडे लोखंड मिळतं, बियाणं मिळतं. वाइन कुठली?" मीही त्यांच्याबरोबर हसलो. आतून मात्र मला हसू येत नव्हतं. तिथे वाइन आहे हे मला माहीत होतं, आणि ती माझ्या साडूची आहे हेही.

मला न ओळखणाऱ्या वाचकांसाठी आधी माझी ओळख. नाशिकजवळच्या एका वाइनरीत मी गेली कित्येक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्यांना वाइन चाखवतो. ग्लास दांडीला धरा, हलवा, नाक आत घाला, घोट तोंडभर फिरवा, मग थुंका किंवा गिळा. लोक माना डोलावतात, फोटो काढतात आणि जातात. त्यातलं माझ्या मालकीचं काही नाही, ना वेल, ना टाकी, ना बाटलीचं बूच. माझी म्हणावी अशी एकच वस्तू, माझी जीभ. तिच्यावर माझं घर चालतं.

आणि हा भानुदास. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. समोर मी त्याला भानुदासराव म्हणतो, पण लिहिताना एवढा मान द्यायला हात वळत नाही. माझ्या लग्नात यानेच मला मांडवात गाठून विचारलं होतं, "वाइन म्हंजी दारूच ना ओ?" तोच आता परवाना काढून, शेतात पत्र्याची शेड उभी करून, चार चकचकीत स्टीलच्या टाक्यांचा मालक झालाय. ज्याचे मी आयुष्यभर मनात मांडे खात बसलो, ते या माणसाने उठून करून टाकलं. बायको घरात रोज एकदा तरी म्हणते, "दाजींनी बघा कसं मनावर घेतलं." मी पेपर वाचत असल्याचं दाखवतो.

त्याचा फोन आला तो असा. "साडूभाऊ, पांढरी अन् गुलाबी आपली गावाकडंच चालली. पण लाल दोन टाक्या हायत. एक कंपनी त्यातली एक टाकी सुटीच, बाटल्यांबिगर, टँकरमधी भरून नेणार हाय. राह्यलेली मी पहिल्यांदा माझ्या नावानं बाटलीत भरणार. कोणती द्यावी अन् कोणती ठेवावी, मला काहीच समजून न्हाई राह्यलं. पहिल्याच बाटलीला नाव गेलं तर दुसरी कोणी हातात घेणार न्हाई. तुम्ही या, चाखा अन् सांगा. तुम्ही म्हणाल ते बराबर."

म्हणजे त्याच्या नावाचं काय व्हायचं ते माझ्या जिभेवर. खरं सांगतो, त्या दिवशी मला बऱ्याच दिवसांनी छान झोप लागली.

जुना जालना

डिसेंबरचे शेवटचे दिवस. स्टेशनवर घ्यायला तो जीप घेऊन आला होता. माझ्याहून वयाने मोठा, पण डोक्यावर केस सगळे शाबूत. पहिला झटका तिथेच बसला.

गावाकडे निघण्याआधी त्याला जुन्या जालन्यात दोन कामं होती. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना धान्याची आणि कापडाची घाऊक दुकानं, पोत्यांना पाठ लावून बसलेले हमाल, आणि त्यातून वाट काढणाऱ्या रिक्षा आणि दुचाक्या. नाशकात मी इतकी वर्षं राहतोय, पण आमचा कोपऱ्यावरचा किराणावालाही मला अजून नाव विचारतो. इथे याला पावलापावलाला कोणीतरी थांबवत होतं. "भानुदासराव, या, बसा, च्या घ्या. जल्दी काय हाय?" आणि तो प्रत्येक गादीवर टेकून माझ्याकडे बोट दाखवायचा. "हे आमचे साडू. नाशकाचे. वाइनमधले लई मोठे साहेब हायत."

साहेब म्हटलं की मला बरं वाटायला हवं होतं. पण तो इतक्या सहज आणि इतक्या मनापासून म्हणायचा की तेही त्याच्याच खात्यात जमा व्हायचं. लोक माझ्याकडे बघायचे आणि कौतुक त्याचं वाटायचं, असा मोठा साडू आहे म्हणून.

प्रत्येक दुकानात पाकासारखा गोड चहा. नाही म्हणायची सोय नाही. शेवटच्या दुकानात तर कापडाच्या शेठने डबीतून मसाल्याची सुपारी काढून माझ्या तळहातावर ओतली. "घ्या साहेब, आमच्या घरची हाय." मी खाल्ली. गावी पोचेपर्यंत जीभ अशी बधिर झाली होती की ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, दिलेलं पाणीसुद्धा मला लवंगेचं लागलं. चाखणं दुसऱ्या दिवसावर गेलं.

"काही हरकत न्हाई," भानुदास म्हणाला. "टाक्या कुठं पळून जाऊ राह्यल्या?"

टाक्यांची शेड

सकाळी शेतावर गेलो. खाली काळ्या रानात एक द्राक्षबाग, तिच्या कडेला शेततळं, त्यात आभाळ. वर मुरमाड माळावर दुसरी बाग. तिकडे माती कमी आणि दगड जास्त. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दोन्ही बागा नव्या पानांनी भरलेल्या. पलीकडे शेवटच्या वेचणीचा कापूस आणि बांधाला तुरी. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ येत होती. आमच्याकडे पर्यटकांसाठी बागेत झोपाळे टांगलेत, पाट्या लावल्यात, सेल्फीसाठी लाकडी पिंप ठेवलंय. इथे एक कुत्रा आणि एक खाट होती. तरी मला आमच्या पिंपाची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला.

कुत्रासुद्धा गुणी होता. भानुदास उठला की उठायचा, बसला की बसायचा. माझं घरात कोणी इतकं ऐकत नाही.

शेडमध्ये चार टाक्या ओळीने. भानुदासच्या आई दाराशी पोत्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्या वाइन घेत नाहीत. "म्या न्हाई घेत, पण येल माझ्या हातचे हायत," एवढं सांगून त्यांनी मला बसायला पाट सरकवला. काचेचा एक ग्लास मी नाशकातून बॅगेत आणला होता, थुंकायला बादली ठेवलेली होती. भानुदासला ते माहीत होतं. त्याचा सल्लागार येतो तोही थुंकतो म्हणे.

पहिली टाकी पांढरी, शेनिन ब्लाँ जातीच्या द्राक्षांची. वास पिकल्या पेरूच्या फोडीचा, चांगला. घोट घेतल्यावर कैरीचा आंबटपणा जिभेच्या कडांना लागला, आणि पुढे काहीच नाही. बोलता बोलता मध्येच उठून गेलेल्या माणसासारखी. फ्रीजमध्ये ठेवून उन्हाळ्यात प्यायला ठीक. मला फार बरं वाटलं. साडूच्या हातून काहीतरी बेताचं निघतंय हे बघून मी बादलीत थुंकलो तेसुद्धा उमेदीने.

दुसरी गुलाबी. रंग कोकम भिजवलेल्या पहिल्या पाण्याचा. वासाला बोरं, चवीला आधी गोडसर आणि शेवटी किंचित तुरट. ताईंनी तेवढ्यात बांधावरून भाजलेला हुरडा आणला, वर शेंगदाण्याची चटणी. हुरड्याच्या दुधाळ गोडीला ती गुलाबी इतकी बरोबर बसली की मी नकळत दोनदा मान हलवली. आम्ही पाहुण्यांना या रंगाच्या वाइनबरोबर चीजचे तुकडे देतो. हुरडा कोणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही. इथे जरा छातीत टोचलं.

तिसरी लाल, खालच्या काळ्या रानातली शिराझ. रंग गडद, जांभळा. वास काकवीचा आणि फार पिकलेल्या जांभळाचा. तोंडात मऊ, गोल, लगेच आवडणारी. पण जे काही होतं ते सगळं पहिल्या घोटातच दुकान मांडून बसलं होतं. मागे आंबटपणाचा कणा नव्हता. अशी वाइन वर्षभरात बसते. टँकरमधून नेऊन दुसऱ्या कशात तरी मिसळायला उत्तम.

मग चौथी. तीच शिराझ, पण माळावरची. ग्लासात रंग जरा हलका. नाकाशी नेली तर आधी काहीच नाही. मी ग्लास हलवला, थांबलो, पुन्हा नेली. आता काळी मिरी. मग वाळत घातलेल्या मनुका. मग तापलेल्या फरशीवर पाणी शिंपडल्यावर येतो तसला वास. घोट घेतला. तिने हिरड्या धरल्या, तुरट, जवळजवळ रागीट, आणि मग हळूहळू सोडल्या, आणि सोडताना मागे गोडी ठेवली. मी थुंकलो. ती गेली नाही. मी टाळूला जीभ लावून उभा राहिलो आणि ती होतीच. असली वाइन आमच्याकडे मोठमोठ्या यंत्रांतून आणि परदेशी पिंपांतून काढायचा प्रयत्न चालतो, आणि वर्षानुवर्षं मी तिच्याबद्दल पाहुण्यांना सांगत आलोय. ती इथे होती. पत्र्याच्या शेडमध्ये. जो माणूस तिला दारू म्हणाला होता त्याच्या टाकीत.

मला इतका हेवा वाटला की पोटात दुखलं. हे अलंकार म्हणून लिहीत नाही, खरंच दुखलं.

"काय म्हणता साडूभाऊ?" भानुदास हात पुसत उभा होता. शाळेच्या निकालाला मूल उभं राहतं तसा.

"चौथी जरा उग्र आहे," मी म्हणालो. "लोकांना झेपायची नाही. तिसरी ठेवा, चौथी टँकरला द्या."

आवाज माझा नेहमीचाच होता, पाहुण्यांना सांगतो तोच. त्याने एकदाही उलट विचारलं नाही. "बिलकुल. तुम्ही म्हणता मंग झालं," म्हणाला आणि खडूने चौथ्या टाकीवर फुली मारली.

जांब समर्थ

टँकर यायला दिवसभराचा अवकाश होता, म्हणून ताई आणि आईंनी मला जांब समर्थला नेलं. रामदासस्वामींचं जन्मगाव. मंदिरात गर्दी बेताची, सभामंडपात थंड फरशी, बाहेर नारळ-फुलांची दुकानं. आमच्याकडच्या देवस्थानांत रांगेचे कठडे आणि देणग्यांचे फलक आधी दिसतात. इथे मी सरळ आत जाऊन बसलो, आणि ते मला सोसेना. रांगेत असतं तर मनाला काही काम तरी मिळालं असतं.

परतताना जीपमध्ये आई सांगत होत्या. माळावर द्राक्ष लावतो म्हणाला तेव्हा गाव हसलं होतं. खड्डे घ्यायला पहार लागायची. गेल्या उन्हाळ्यात तिथलं पाणी आटलं आणि मणी वाटाण्याएवढेच राहिले.

"म्या म्हणलं, उपटून टाक. तर म्हणला, आई, एक डाव बघू. आता पाव्हण्यांनी सांगितलं उग्र हाय, तर जाऊ दे." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "पहिली बाटली निघाली की इथं नारळ घेऊन येणार हाय म्या. मंग ती खालच्या रानातली का असंना."

गप्प बसायला अर्थात फार जोर लागला नाही. हेवा अजून चांगला शाबूत होता.

येसर

संध्याकाळी आईंनी स्वतः स्वयंपाक केला. ज्वारीच्या भाकरी, कांदा, तेल, आणि येसर आमटी. येसर म्हणजे भाजलेली धान्यं-डाळी आणि मसाले दळून केलेलं मराठवाड्याचं पीठ. त्याची आमटी आमच्याकडे मिळत नाही, आणि बायको माहेरची आठवण काढून करते तीही अशी होत नाही. काळसर, दाट, तिखट. ताटाच्या उजव्या हाताला दोन स्टीलचे ग्लास ठेवलेले होते, दोन्हींत थोडी थोडी लाल. काचेचे ग्लास घरात नाहीत. स्टीलमध्ये रंग कळत नाही, वास कळत नाही, यावर मी मनात एक छोटं व्याख्यान दिलं आणि जेवायला लागलो.

आमटी जाळ होती. मी भाकरी मोडायचो, आमटीत बुडवायचो आणि हात ग्लासाकडे जायचा. ग्लास रिकामा झाला की पुढे करायचो, आई तांब्यातून ओतायच्या. भानुदास बागेतल्या मोटरीबद्दल काही सांगत होता, ताई बहिणीची, म्हणजे माझ्या बायकोची, लहानपणीची खोडी सांगत होत्या, मी हसत होतो. इतकं चांगलं जेवण मी कित्येक दिवसांत जेवलो नव्हतो. हात धुताना ताटाकडे सहज नजर गेली. एक ग्लास कोरडा होता. दुसरा होता तसाच होता.

आई तोच ग्लास उचलत होत्या. माझ्याकडे एकदा बघितलं आणि तो आत घेऊन गेल्या.

नंतर ओसरीवर ताईंनी मला गमतीने सांगितलं. "आमच्या सासूबाईंचं असंच हाय. पाव्हणा तोंडानं छानच म्हणतो, ते त्या धरीतच न्हाईत. कशाला वाटी पुढं करतो ते बघत्यात. माझ्या नणंदेच्या लग्नाला आचारी ठरवायचा होता, तर त्याला घरी एक जेवण करायला लावलं अन् कोण काय मागून घेतंय ते कोपऱ्यात बसून बघितलं. अख्ख्या घराचं लोणचंबी त्यांनी असंच ठरवलंय."

मी विचारलं, "माझ्या दोन ग्लासांत काय होतं?"

"ते त्यांनाच म्हाईत," ताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

टँकर

सकाळी टँकर आला तेव्हा मी शेडमध्येच होतो. भानुदास पाइप जोडत होता, तिसऱ्या टाकीला. चौथ्यावरची फुली पुसलेली होती.

"अहो, ही तर ठेवायची ठरली होती ना?"

त्याने हातातलं काम थांबवलं. ड्रायव्हर ऐकणार नाही अशा बेताने माझ्या जवळ आला. चेहरा असा की चूक त्याचीच झालीय.

"साडूभाऊ, रागावू नका. आई म्हणली की तुम्ही काल जेवताना चौथीच मागून राह्यल्ते, तिसरीला हातबी लावला न्हाई. मंग मीच इचार केला. त्या शेठनं सुपारी खाऊ घातल्ती ना तुम्हाला. त्यानं जीभ मेली असंल. होतं असं. मी नाशकात कोणाला बोलणार न्हाई. घरात तुमच्या ताईलाबी न्हाई सांगितलं. तुम्ही चिंता करू नका."

म्हणजे माझी जीभ चुकली असं त्या घराने धरलं होतं. खोटं बोललो असेन हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. सुटायला दार सताड उघडं होतं, शेठच्या सुपारीवर ढकलून हसत बाहेर पडायचं, एवढंच. मी तोंड उघडलंही. पण ते शब्द निघेनात. जीभ मेली? माझी? या माणसाकडे बागा आहेत, टाक्या आहेत, केस आहेत, कुत्रा आहे, सगळा बाजार त्याला ओळखतो. माझ्याकडे ही एकच गोष्ट होती, आणि तीसुद्धा गेली असं समजून तो माझी कीव करत होता.

"माझ्या जिभेला काही झालेलं नाही," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच निघालं, ड्रायव्हरने वळून बघितलं. "पहिल्या घोटालाच मला कळलं होतं. चौथी तुमच्या चारही टाक्यांत सरस आहे. आमच्याकडेही तशी नाही. मी मुद्दाम उलटं सांगितलं. मला तुमचा हेवा वाटतो, भानुदासराव. लग्नापासून वाटतो."

तो पाइप हातात धरून उभा राहिला. मी वाट बघत होतो की आता काय ऐकायला मिळतंय. तो खाटेवर टेकला आणि त्याने मोठा श्वास सोडला.

"असं होय," तो म्हणाला. "मंग ठीक हाय. मला रातभर झोप न्हाई आली साडूभाऊ. म्हणलं, ह्या माणसाची जीभच गेली तर हा खाईन काय, लेकरंबाळं करतीन काय. आईला म्हणलं बी मी, आपल्याकडं बोलवून घेऊ का."

राग धरायला त्याने कुठे जागाच ठेवली नव्हती. ती एक सवलत मिळाली असती तर मला बरं झालं असतं.

"अन् हेवा काय," तो उठत म्हणाला, "त्यो सगळ्यालाच असतो. आता खरं सांगा. चौथी कशी हाय? मला न्हाई समजत त्यातलं. तुम्ही सांगा, मी ऐकतो." आणि त्याने खिशातून फोन काढून रेकॉर्डिंग चालू केलं.

मला सांगावं लागलं. ग्लास घेतला, काचेचा नव्हता, तरी घेतला. काळी मिरी सांगितली, मनुका सांगितल्या, तापल्या फरशीवरचं पाणी सांगितलं. हिरड्या धरते आणि मग सोडते ते सांगितलं. माळ सांगितला, खड्ड्यांना लागलेली पहार सांगितली, आटलेलं पाणी आणि वाटाण्याएवढे मणी सांगितले, कारण चव तिथूनच आली होती. थुंकायला बादली जवळ नव्हती, मी गिळत गेलो. इतकं खरं मी आमच्या टेस्टिंग रूममध्ये एकदाही बोललो नसेन. आणि प्रत्येक वाक्यागणिक ती वाइन जास्तच त्याची होत होती. दाराशी आई शेंगा सोलायच्या थांबून ऐकत होत्या. टँकर तिसरी घेऊन निघून गेला.

परवा नाशकात पार्सल आलं. पहिली बाटली. पुढे मोठ्या अक्षरांत भानुदासचं नाव. मागच्या कागदावर बारीक अक्षरांत माझी वाक्यं, मी बोललो तशीच, शब्दाला शब्द, खाली कोणाचं नाव नाही. बायकोने ती खिडकीशी नेऊन मोठ्याने वाचली. मनुका, मिरी, पहार, सगळं.

"बघा," ती म्हणाली, "दाजी लिहितातसुद्धा किती छान."

ते शब्द माझे आहेत हे तिला सांगायचं तर त्याआधीचं सगळंच सांगावं लागतं. म्हणून हे लिहून टाकलं.